सैल इंजिनाचा उन्हाळा

चैत्र उलटला की आमच्या पिंपळे गुरवात दुपारी तीनच्या सुमाराला एक वारा सुटतो. येतो नदीकडून, पण त्यात ओलाव्याचा पत्ता नसतो. मोकळ्या प्लॉटांवरचा मुरूम उचलून तो दारांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर आणून टाकतो. ओठांवरून जीभ फिरवली की दातांखाली कचकच होते. यंदाही सुटला. कंपनीच्या बसमधून उतरून मी घराकडे चालले होते आणि उजव्या तळहाताला, बोटांच्या मुळाशी, एकदम चुरचुरलं. थांबून हात उघडून बघितला. काही नव्हतं. तिथले फोड बरे होऊन पाच वर्षं झाली.

शरीर फार खडूस असतं. सुखाचे दिवस ते पार विसरून जातं, आणि एखादा फोड मात्र वर्षानुवर्षं सांभाळून ठेवतं. वारा सुटला की काढून दाखवतं.

पाच वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात मी माझ्या चाळिशीला टेकलेल्या नवऱ्यासाठी एक खेळण्यातली गाडी विकत घेतली होती. खेळण्यातली म्हटलं की ती चालवणारे लोक रागावतात, आणि त्यांचं बरोबर आहे. हातभर लांब, चारही रबरी चाकं उघडी, खाली ॲल्युमिनियमची पाटी आणि पाटीवर लिंबापेक्षा जरा मोठं, पण खरंखुरं इंजिन. सेलवर चालणारं नव्हे. नायट्रो म्हणून एक इंधन असतं त्यावर चालणारं, धूर सोडणारं, किंचाळणारं. हातात रिमोट धरून लांबून ती हाकायची. अशा गाडीला बग्गी म्हणतात. मी घेतली ती जुनी, कुणीतरी वापरून विकायला काढलेली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी घेतली, कारण माझ्याकडे दुसरा काही उपाय उरला नव्हता.

विलास (लिहिताना त्याला एकेरीत लिहिते, समोर 'अहो'च म्हणते) तेव्हा भोसरीतल्या एका लहानशा कारखान्यात पॉवर प्रेसवर होता. पत्रा ठेवायचा, प्रेस मारायची, तुकडा काढायचा; सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्याने पत्रा ठेवला आणि हात बाहेर काढायच्या आत प्रेस खाली आली. उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं मुळापासून गेली, तिसरं अर्धं गेलं. अंगठा आणि करंगळी राहिली.

आमच्या या पट्ट्यात अशी माणसं कमी नाहीत. बसमध्ये वरच्या दांडीला धरलेले हात नीट बघितले तर एखादा असा हात दिसतोच, आणि बघणारा नजर वळवतो. मीही वळवायचे. जो भेटायला येई तो म्हणे, जीव वाचला हे काय कमी आहे. विलास मान हलवायचा. उजव्या हाताला त्याने एक मोठा रुमाल गुंडाळायला सुरुवात केली होती, जखम भरली तरी तो रुमाल सुटला नाही. जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायचा, डाव्या हातात चमचा धरून. चमच्यातली आमटी गळ्यावर सांडली की तिथेच जेवण संपायचं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मनासाठीही गोळ्या दिल्या होत्या. त्या तो मुकाट घ्यायचा. बाकी कशालाच हो-नाही म्हणायचा नाही. लातूरकडचा हा माणूस, ऐन बहरात असला की शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल असा बोलायचा.

मार्चमधल्या एका रविवारी, भर दुपारी बाराला, तो घरात दिसेना. गच्चीवर सापडला. अनवाणी. पायाला चटके बसतील अशी फरशी तापलेली आणि हा कठड्याला लागून उभा, खाली बघत. मी हाक मारली. वळला आणि म्हणाला, "हवा खायला आलतो."

त्या उन्हात कोण हवा खातं? त्याला जगायचं नव्हतं हे मला त्या क्षणी समजलं. समजलं हे मी तोंडावर दिसू दिलं नाही. "चला, वरण गार होतंय," एवढंच म्हणाले. जिना उतरताना माझी एक पायरी चुकली, तर तोच मला म्हणाला, "हळू."

आमच्या घरमालकीणबाईंना सगळी गल्ली आक्का म्हणते. त्या इथल्या जुन्या गावकरी. मी त्याच दिवशी त्यांच्याकडे जाऊन रडले. आक्कांनी गच्चीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "तू जा कामाला. मी बसते त्याच्यापाशी मेथी निवडत. किल्ली न्हाई देत कुणाला." पण कुलपं किती दारांना लावणार? सकाळी पावणेसहाला नाशिक फाट्यावर चाकणची बस पकडायची, आणि दिवसभर कानात एकच. फोन वाजेल. आता वाजेल. मशीनच्या आवाजात ऐकू येणार नाही म्हणून मी तो ब्लाउजमध्ये छातीशी ठेवायचे. एखादा विमावाला, एखादा कर्जवाला फोन करायचा आणि मी हातातलं काम टाकून दाराकडे धावायचे.

बग्गीचं डोक्यात आलं ते बसमध्येच, मोशीच्या पुढे कुठेतरी. अपघाताच्या आधी, जानेवारीत, मी निगडीला प्राधिकरणात हळदीकुंकवाला गेले होते आणि विलास मला सोडायला आला होता. परत निघताना बघते तर हा जागेवर नाही. जवळच्या एका मोकळ्या मैदानावर पाच-सहा जण आपापल्या बग्ग्या पळवत होते आणि विलास कडेला उभा, हातात माझी वाणाची पिशवी. दीड तास हलला नाही. मी कंटाळून चिडून दगडावर बसले. घरी येताना बसमध्ये तो सगळ्या प्रवाशांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता, "बॅटरीचं न्हाई बघ ते. खरं इंजिन हाय. एवढंसं! पण कसं बोंबलतंय!" पुढे दोन दिवस घरात तोच विषय होता. दोन दिवस मी हसले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, पुरे झालं आता.

त्या मैदानावरची एक गोष्ट मला आठवली. काही जणांच्या हातात पिस्तुलासारखा रिमोट होता, त्याला बोटं लागतात. पण काही जणांचा रिमोट सपाट होता, वर दोन काड्या, आणि त्या काड्या ते फक्त अंगठ्यांनी हलवत होते. दोन अंगठे. विलासचे दोन्ही अंगठे शाबूत होते.

बुडणाऱ्या माणसाला लाकूड दिसलं की तो त्याची जात विचारत नाही. मी पंधरा दिवस बसमध्ये मोबाइलवर दुसरं काही बघितलं नाही. जुनी बग्गी घेताना काय बघायचं, याची मी वहीत यादी केली, अगदी कंपनीतल्या तपासणीच्या तक्त्यासारखी. खालची पाटी वाकली आहे का. चाकं धरून हलवली तर खुळखुळतात का. स्प्रिंगांमधून तेल गळतं का. हवेचा फिल्टर स्वच्छ आहे का, कारण तो मळका असला तर मालकाने इंजिनाला धूळच खाऊ घातलेली असते. टाकीच्या झाकणाचं रबर. दात्यांची झीज. समोर चौकोन, बरोबरची खूण करायला.

मी चाकणला एका कंपनीत इन्स्पेक्शनला आहे. आमच्याकडे इंजिनाला लागणाऱ्या नळ्या बनतात आणि मी त्यांचं भोक तपासते. काम सोपं आहे म्हणाल तर सोपं. एक मापाचा दांडका असतो, त्याला गेज म्हणतात. तो नळीच्या तोंडावर धरायचा आणि सोडायचा. आपल्या वजनाने सरळ खाली उतरला तर माल चांगला. मधे कुठे अडला, ढकलावा लागला, की नळी लाल क्रेटमध्ये. वर बारीक आणि खाली मोठं असं भोक निघालं तर त्याला टेपर म्हणतात, आणि टेपर म्हणजे आमच्याकडे पापच. तेव्हा आठ वर्षं मी हे करत होते. माझ्या हातून गेलेल्या मालाची एकही तक्रार परत आली नव्हती. या गोष्टीचा मला फार गर्व होता, हे आता लिहायला हरकत नाही.

कासारवाडीला रेल्वे रुळांच्या बाजूला रफिकभाईंचं दुकान आहे. फवारणीचे पंप, गवत कापायची मशिनं, मांडववाल्यांचे जनरेटर, अशी लहान इंजिनं ते दुरुस्त करतात. बग्गीवाले हौशी लोकही त्यांच्याकडेच येतात, आणि हौस फिटली की गाडी विकायला त्यांच्याकडेच ठेवून जातात. साठीचे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, दोन पिढ्या इथेच गेलेल्या, मराठी माझ्यापेक्षा चोख. त्यांच्याकडे तेव्हा दोन बग्ग्या होत्या, एक लाल आणि एक निळी.

"रिमोट दोन अंगठ्यांनी चालतो का?" हा माझा पहिला प्रश्न.

"चालतो. दोन काड्यांवाला आहे माझ्याकडे, कुठल्याही गाडीला लावून देतो. मुलासाठी का ताई?"

"हो," मी म्हणाले. आम्हाला मूल नाही.

मग मी वही काढली. रफिकभाई चहा पीत बघत राहिले आणि मी जमिनीवर मांडी घालून दोन्ही गाड्या उलट्यासुलट्या केल्या. पाटी, चाकं, स्प्रिंगा, फिल्टर, रबर. दोन्ही जवळजवळ सारख्याच. मग इंजिनाखालचं चाक बोटाने फिरवून बघितलं. निळीचं चाक लोण्यासारखं फिरलं, कुठे खट्ट नाही. लालचं फिरता फिरता एका जागी येऊन अडलं. जोर दिला तेव्हा चिकटलेलं काही सुटावं तसा आवाज करून पुढे गेलं, आणि पुढच्या फेरीत पुन्हा तिथेच अडलं.

"हे जाम आहे," मी म्हणाले.

"जाम नाही ताई, टाइट आहे. गार असताना आतला पिस्टन वर आला की ते अडलंच पाहिजे. तीच त्याची तब्येत."

"अडलंच पाहिजे?"

"बिलकुल. आतली नळी वरच्या तोंडाला जरा बारीक ठेवलेली असते. चालून तापली की फुगते, मग पिस्टनला बरोबर जागा होते. ही निळी गार असतानाच इतकी सैल. तापल्यावर हिच्यात काय राहणार? तुम्ही लाल घ्या."

वर बारीक, खाली मोठं. म्हणजे टेपर. माझ्या डोक्यात लाल क्रेट उभा राहिला. मी मनात म्हटलं, बाई बघून हा माणूस अडकलेला माल गळ्यात मारतोय. आणि तोंडाने म्हणाले, चांगल्या ठसक्यात म्हणाले, "भाई, मी चाकणला इन्स्पेक्शनला आहे. आठ वर्षं हेच तपासते. अडलेला माल मी पास करत नाही."

रफिकभाईंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "मग तुम्हाला माझ्याहून जास्त कळत असेल," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांनी निळी पुसून दिली, इंधनाची बाटली दिली, इंजिनाच्या डोक्यावर लावायचा हीटर दिला, इंजिन सुरू करायची दोरी कशी ओढायची ते दाखवलं. दोरी आखूड ओढायची, झटक्याने. निघताना एवढंच म्हणाले, "मी सांगितलं होतं, हे लक्षात असू द्या."

त्यांचं खरं मला खोटं वाटलं, कारण ते विकणारे होते. आजही कुणी दुकानदार काही सांगायला लागला की मला ते दुकान आठवतं आणि लाजेने कान गरम होतात.

घरी आले तेव्हा विलास नेहमीच्या जागी, खिडकीखाली बसला होता. मी गाडी त्याच्यासमोर फरशीवर ठेवली.

"कुणाची?"

"आपली."

त्याने बराच वेळ बघितलं. डाव्या हाताने उचलली, वजन बघितलं, चाक फिरवलं, खाली ठेवली. मी म्हणाले, चला, नदीकडच्या प्लॉटवर जाऊ. तो उठेना. तेव्हा जिन्याखालून आक्कांचा आवाज आला, "अरं जा की रं! बायकू येवढी जीव काढतीय." मग उठला. अपघातानंतर दवाखान्याखेरीज पहिल्यांदाच तो घराबाहेर पडला. मला वाटलं, झालं, जिंकले मी.

त्यानंतरच्या संध्याकाळी एकीत एक मिसळून गेल्या आहेत. साडेचारला बसमधून उतरायचं, चहा न पिता गाडी काखोटीला मारायची, विलासला उठवायचं, प्लॉटवर जायचं. बाभळीच्या बाजूला सिमेंटचा एक मोठा पाइप पडलेला होता, त्यावर तो बसायचा. मी रिमोट त्याच्या मांडीवर ठेवायचे. मग गुडघे टेकून हीटर लावायचा आणि दोरी ओढायची. ओढायची. ओढायची. विसाव्या, तिसाव्या झटक्याला इंजिन एकदम किंचाळून उठायचं, निळा धूर यायचा आणि त्या धुराला एरंडेलाचा गोडसर वास असायचा. लहानपणी आई नाक दाबून पाजायची तोच वास. "घ्या, घ्या, दाबा," मी ओरडायचे. तो रिमोटकडे हात नेईपर्यंत आवाज चिरकायचा, बसायचा, बंद. तापलं की बंद. पुन्हा दोरी ओढावी तर ते गार होईपर्यंत ढिम्म हलायचं नाही.

येणारे-जाणारे थांबायचे. सल्ले तर काय, फुकटच. "मॅडम, पेट्रोल टाका." "प्लग साफ करा, राव." "लहान मुलांचं आहे ते, तुम्ही कशाला?" मी प्लग बदलला. इंधन बदललं. इंधनाची धार कमी-जास्त करायची एक सुई असते, ती पाव पाव फेरा फिरवून बघितली. ओलं फडकं इंजिनावर ठेवलं. एकदा तर गाडीला हळदकुंकू वाहिलं. हसा खुशाल. माझ्या बोटांच्या मुळाशी फोड आले, फुटले, त्यांच्यावर पुन्हा आले. कंपनीत गेज धरताना हात भाजल्यासारखा व्हायचा आणि मी ओठ दाबून उभी राहायचे. मी स्वतःला बजावत होते, की हे इंजिन चाललं तर विलास जगेल. त्या दोन गोष्टींचा तसा काही संबंध नाही हे मला कळत होतं. पण रात्रंदिवस तोच हिशेब मनात चालायचा.

एका रविवारी मी त्याला पहाटे सहालाच प्लॉटवर नेलं. मुरूम गार होता, इंजिन गार होतं. सातव्या झटक्याला सुरू झालं आणि बंद पडलं नाही. मी वळून बघितलं. विलासने रुमाल सोडला होता. रिमोट दोन्ही हातांत होता, दोन्ही अंगठे काड्यांवर, आणि तो हात, जो मी दोन महिने उजेडात नीट बघितला नव्हता, उघडा होता. गाडी हलली. दहा पावलं गेली, डावीकडे वळली, बाभळीला वळसा घालून आमच्याकडे परत यायला लागली. विलासचं तोंड किंचित उघडं होतं, शाळेतल्या पोरासारखं. आणि आमच्यापासून चार हातांवर येऊन इंजिन चिरकलं आणि गप्प झालं. मी धावले, दोरी ओढायला लागले, वेड्यासारखी ओढायला लागले. मागे वळले तेव्हा त्याने रुमाल पुन्हा गुंडाळला होता.

ती दहा पावलंही मिळाली नसती तर बरं होतं, असं मला त्यानंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं.

मे निम्मा सरला. ऊन असं की चाकणच्या रस्त्यावर बसच्या खिडकीची दांडी धरवत नव्हती. एका संध्याकाळी दोरी ओढता ओढता माझा तोल गेला आणि मी मुरमावर आपटले. कोपर सोललं. विलास पाइपावर तसाच बसून बघत होता. आणि माझ्यातलं काहीतरी सुटलं. "नुसते बघत काय बसता?" मी ओरडले. सगळा प्लॉट ऐकत होता. "मी मरमर मरते आणि तुम्ही बघत बसता! मला नाही जमत हे एकटीला. नाही जमत. तुम्हाला जगायचं नसेल तर तसं सांगा एकदाचं!" बोलून गेले आणि जीभ तोडून टाकावीशी वाटली. जे अडीच महिने तोंडाबाहेर काढलं नव्हतं ते मी भर मैदानात ओरडून सांगितलं होतं. विलास उठला. माझ्याजवळ आला, डाव्या हाताने मला धरून उभं केलं, गाडी उचलली आणि घराकडे चालायला लागला. मी त्याच्या मागून, पदराने तोंड दाबून. घरी गेल्यावर त्याने माझ्या कोपराला हळद लावली.

दुसऱ्या दिवशी कामावरून घरी येताच मी इंजिन गाडीपासून सोडवलं, पिशवीत घातलं आणि एकटीच कासारवाडी गाठली. रफिकभाईंनी चार स्क्रू काढून आतली नळी आणि पिस्टन बाहेर काढले, पुसले. पिस्टन खालून नळीत घातला आणि बोटाने वर सारला. तो सरळ वरच्या तोंडातून बाहेर आला, कुठेही न थांबता. मग त्यांनी कपाटातून एक नवी जोडी काढली, तीही तशीच केली. नवा पिस्टन वरच्या तोंडाच्या जरा खाली येऊन थांबला. दाबला तरी वर जाईना.

"असा अडतो, म्हणून वरती हवा दाबली जाते," ते म्हणाले. "झिजला की सगळी हवा बाजूने निघून जाते. तापल्यावर तर बघायलाच नको." 'मी सांगितलं होतं' असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर सोपं गेलं असतं.

"लाल गाडी आहे का अजून?"

"ती तुमच्यानंतर चार दिवसांनी गेली. देहूच्या एकाने नेली. पळतेय."

बोटाएवढ्या त्या नळीकडे मी बघत बसले. रोज हजार नळ्या बघणारी बाई. लोण्यासारखं फिरलं ते मी उचललं होतं, आणि ज्याच्यात जोर शिल्लक होता त्याला मी जाम म्हणून नाकारलं होतं, तेही एक जाणता माणूस समोर बसून सांगत असताना. इतकं करून मी दोन महिने त्या मेलेल्या इंजिनाच्या दोरीला माझ्या नवऱ्याचा जीव बांधून ठेवला होता.

घरी येऊन मी सगळं विलासला सांगितलं. मी चुकले, इंजिन पहिल्यापासूनच गेलेलं होतं. तो खिडकीखाली बसून ऐकत होता.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"इंजिन गेलेलं हाय ते. पहिल्या दिवशीच कळलं. तू दोरी ओढायचीस आन् तुझा खांदा कुठं अडायचाच न्हाई. किक मारल्यावर पायाला काहीच लागलं न्हाई, तर माणूस काय समजतो? तसंच की."

माझे फोड, माझे प्लग, ओली फडकी, हळदकुंकू, आणि हा पाइपावर बसून सगळं जाणून होता! मी विचारलं, मग सांगितलं का नाही? त्याने मान खाली घातली. मला इतका संताप आला होता की मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. मजा म्हणजे त्या दोन दिवसांत तोच माझ्या मागे मागे फिरत होता.

पुढचं सगळं चांगलं झालं. श्रावणात रफिकभाईंनी नवी जोडी बसवून दिली, दिवाळीत गाडी पळाली, आणि वर्षभराने विलास एका वर्कशॉपच्या हत्यारांच्या स्टोअरवर लागला. तिथे तो डाव्या हाताने नोंदी करतो आणि उजव्याने पाने-पक्कड काढून देतो. त्याचा आवाज पुन्हा शेजारच्या गल्लीत जातो. पण त्या चांगल्याबद्दल मला फारसं काही लिहावंसं वाटत नाही. वारा सुटला की मला तो उन्हाळाच आठवतो, आणि तो प्रश्न, ज्याचं उत्तर मला मिळालं नव्हतं. पाच वर्षांत भांडणात कितीदा तरी मी तो त्याच्या तोंडावर फेकला. दर वेळी त्याने विषय बदलला.

यंदा गेल्या रविवारी आमरस केला होता. दुपारी जेवताना खिडकीतून मुरूम आत यायला लागला म्हणून मी उठून ती लावली आणि बसता बसता, न भांडता, सहज विचारलं, "अहो, तेव्हा सांगितलं का नाही हो मला?"

विलास उजव्या हाताने, अंगठा आणि करंगळीत धरून, पोळीचा तुकडा रसात बुडवत होता. तो थांबला.

"रोज दुपारी मी ठरवायचो," तो म्हणाला. "आज बास. आक्का जरा डुलकी घ्यायच्या, तेवढा वेळ पुरला असता. मग मनात यायचं, जायच्या आधी हिला निदान सांगावं, की इंजिन गेलेलं हाय. न्हाईतर मी गेल्यावरबी ही बिचारी दोरी ओढत बसंल, तिला वाटंल आपलंच चुकतंय. म्हणून तुझी बस यायची वाट बघायचो. तू यायचीस, चहाबी न घेता म्हणायचीस, चला. आन् तुझं तोंड बघितलं की सांगायला धीर व्हायचा न्हाई. म्हणायचो, उद्या सांगू."

खिडकीच्या काचेवर मुरूम वाजत होता.

"आणि इंजिन चांगलं असतं तर?" मी विचारलं. "मी लाल आणली असती तर?"

त्याने वाटीतला रस बोटाने गोळा केला, चाटला, आणि मग माझ्याकडे बघितलं.

"तर पहिल्याच दिवशी चाललं असतं," तो म्हणाला. "आन् मी निर्धास्त गेलो असतो."